जैतूनचा डबा आणि चंद्रभागाबाईंच्या टाचा

लिंबागणेशच्या पुढचा माळ,
कारखान्याची चारा छावणी, हौदाजवळची रांग.
मंगळवार (तारीख बंकटला पाठ असते, पण तो जेवून आडवा झालाय).

ती. सुंदररावभाऊ आणि ती. सौ. अक्का यांना,

धाकट्या साडूचा, म्हणजे आश्रुबाचा, दंडवत. दंडवत लिहिलाय खरा, पण इथली जमीन दुपारी अशी तापते की तिच्यावर आडवं पडून कुणाला नमस्कार करणं जिवावर येतं. तेव्हा तो उभ्यानंच केला असं समजून गोड मानून घ्यावा. आपला रक्तदाब आता कुठवर आलाय? अक्कांचे गुडघे काय म्हणतात? आपली लेक अंजना स्पेनला परत गेली का, आणि तिथं तिला भाकरी मिळते का पावावरच दिवस काढते? इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत. (खुशाल म्हणजे दुष्काळात माणूस जितका असतो तितके. तुम्ही औरंगाबादला आहात, तुमच्याकडं नळ आहे, म्हणून फोड करून सांगितली.)

तुम्ही म्हणाल, खिशात मोबाइल असताना ह्या गड्यानं पत्र कशाला लिहिलं. तर त्याचं असं आहे की ह्या छावणीत रेंज फक्त हौदामागच्या ढिगाऱ्यावर येते, आणि ढिगाऱ्यावर उभं राहून बोललेलं सगळ्या रांगांना ऐकू जातं. मागं बंकटनं (हा आमचा शेजारी, त्याचे बैल आमच्या म्हशींना लागून बांधलेले असतात) जावयाला फोन करून त्याच्या मूळव्याधीची चौकशी केली, तर दिवस मावळेपर्यंत छावणीतली झाडून सगळी माणसं बंकटला औषधं सांगून गेली. दोघं तर जावयाच्या घरची वाट विचारत होते. माझा विषय त्याहून नाजूक आहे. शिवाय उभा जन्म दूध सोसायटीचा सचिव म्हणून इतिवृत्तं लिहिण्यात गेला, त्यामुळं कागदावर मला जितकं सुचतं तितकं तोंडानं सुचत नाही, हे तुमच्या मेहुणीनं तुम्हाला अनेकदा सांगितलेलंच आहे.

आधी डब्याची पोच देतो. अंजनानं स्पेनहून आणलेला आणि तुम्ही एसटीच्या पार्सलनं पाठवलेला ऑलिव्हच्या तेलाचा डबा सुखरूप पोचला. कंडक्टरनं तो तान्ह्या लेकरागत दोन्ही हातांनी उतरवून पारावर ठेवला. सोनेरी डबा, त्याच्यावर न समजणारी अक्षरं आणि एका फांदीला लागलेली हिरवी-काळी फळं. ते बघायला गाव जमलं. आमच्या सोसायटीचे चेअरमन भगवानराव म्हणाले, ही जांभळं आहेत. आता भगवानराव जांभळं म्हणाले म्हटल्यावर त्यांच्या विरोधी पॅनेलच्या त्रिंबकला ती बोरं दिसायला लागली. दुधाच्या भावावरून, टँकरच्या वेळेवरून फुटलेलं आमचं गाव तुमच्या डब्यावरूनही फुटलं. चेअरमनच्या बाजूचे सगळे जांभूळ, त्रिंबकच्या बाजूचे सगळे बोर. शेवटी रुद्रप्पा किराणावाले चष्मा पुसत आले, झाकण उघडून त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, "हे जैतून हाय. निजामाच्या काळात आमच्या आजोबाच्या दुकानात ह्याची बारकी बाटली असायची. हकीम लिहून द्यायचा, मग बाळंतिणी न्यायच्या, लेकराला चोळायला." दोन्ही पॅनेल एकदमच पडली. पारावरची माणसं जरा हिरमुसून घरी गेली.

फोनवर तुम्ही त्या तेलाचे गुण सांगितलेच होते. पोटात घेतलं तर काळजाला चांगलं, अंगाला लावलं तर कातडी मऊ पडते, कोरडेपणा जातो, सांधे मोकळे होतात, आणि शेवटी म्हणालात, "आश्रुबा, माझ्या तोंडाकडं बघून विश्वास ठेवा." ठेवला. अंजनाच्या साखरपुड्यात तुमचं तोंड असं चमकत होतं की फोटोवाल्यानं तुम्हाला जरा बाजूला उभं राहायची विनंती केली होती, ते मी विसरलेलो नाही. पण सोसायटीचा शिरस्ता असा की दूध आधी तपासायचं, मग कॅनमध्ये ओतायचं. हे तेल मला तुमच्या मेहुणीसाठी न्यायचं होतं. ती संक्रांतीनंतर दोन म्हशी आणि बैलजोडी घेऊन ह्या छावणीत आली, मी गावात घर, टँकरची रांग आणि सोसायटी सांभाळायला मागं राहिलो. तिच्याकडं न्यायच्या आधी आपल्यावर बघावं म्हणून मी सकाळी उपाशीपोटी एक चमचा घेतला. चव म्हणाल तर गवतासारखी, आणि मागाहून घसा जरा खवखवतो. गुण लगेच दिसेना म्हणून दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी घेतली. मग मात्र दिसला. भाऊ, पोट साफ होणं ही आरोग्याची मोठी गोष्ट आहे हे मला मान्य आहे, पण ज्या गावात टँकर दिवसाआड येतो तिथं पोट इतक्या वेळा साफ होऊन भागत नाही. घरातला हंडा माझ्या आरोग्यापायी रिकामा झाला, आणि शेवटी रुद्रप्पांकडं तांब्या घेऊन मला तोंड वर करून जाता येईना.

म्हणून पोटाचा नाद सोडून कातडीकडं वळलो. डोक्यापासून पायापर्यंत तेल चोळलं. तेल कसं लावायचं ते तुम्ही सांगितलं होतं, ते उतरवायचं कसं ते सांगितलं नव्हतं, कारण तुमच्याकडं (पुन्हा तेच) नळ आहे. आंघोळीपुरतं पाणी मिळेपर्यंत मी तसाच राहिलो. त्या आठवड्यात वारं सुटलं होतं, खडीच्या रस्त्याची सगळी धूळ गावात येत होती आणि गावातून माझ्या अंगावर. आरशात बघितलं तर गणपतीच्या कारखान्यात रंग द्यायचा राहून गेलेला नग उभा. अशा थाटात मासिक सभेला गेलो. विषय दुःखाचा होता. म्हशी आटल्या, जनावरं छावण्यांमध्ये गेली, तेव्हा संध्याकाळचं संकलन बंद ठेवावं असा ठराव मी वाचत होतो. खुर्ची प्लास्टिकची. "सर्वानुमते" ह्या शब्दापाशी मी घसरलो आणि सावकाश, कुणालाही धरायची घाई होऊ नये इतक्या सावकाश, टेबलाखाली गेलो. वाचन थांबवणं नियमात बसत नाही म्हणून उरलेला ठराव तिथूनच वाचला. त्रिंबक उठून म्हणाला, "सचिवालाच बसता येईना, मंग सोसायटी उभी कशी ऱ्हानार?" एरवी भगवानराव त्याच्या वाक्याला हरकत घेतात. त्या दिवशी दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत होते. तुमच्या तेलाचा हा फायदा अंजनाला जरूर कळवा.

मग डबा घेतला आणि सोसायटीच्या टेम्पोत बसून इकडं आलो.

छावणी तुम्ही पाहिलेली नाही. ह्या वर्षी कारखान्याचं गाळपच झालं नाही, तेव्हा संचालक मंडळानं हा माळ जनावरांसाठी मोकळा करून दिला. जिकडं तिकडं हिरव्या जाळीचे मांडव, त्याखाली जनावरं, आणि जनावरांच्या शेजारी बाज टाकून माणसं. उसाची ट्रॉली आली की हंबरडा उठतो. बायकांनी तीन दगडांच्या चुली मांडल्यात, मांडवाच्या बांबूला आरसे अडकवलेत, एकीनं तर तुळस आणलीय. आमच्या मांडवात चंद्रभागा शेण भरत होती. मला बघून पदर सारखा केला आणि म्हणाली, "आता कशाला आलात? टँकरची पाळी कुनी धरली?" मी म्हटलं, रुद्रप्पांना सांगून आलोय, तुझ्या दाजींनी परदेशी तेल पाठवलंय. तर ती पुढं आली आणि मी बघितलं की ती चवड्यावर चालत होती. टाच टेकतच नव्हती. विचारलं तर म्हणे, "काटा मोडला आसल." काटा कसला, भाऊ. दिवसभर शेणामुतात अनवाणी, वर कोरडं वारं, पाय धुवायला सवड नाही. दोन्ही टाचा फाटून त्यात बोटाचं पेर जाईल अशा चिरा पडल्या होत्या. (इथं लोक जमिनीच्या भेगांची उपमा देतात. मी देणार नाही. जमिनीला दुखत नाही.) उजव्या टाचेभोवती लाल होऊन सूज आली होती.

मी म्हटलं बीडला दवाखान्यात चल. तर म्हणाली, "आन् ह्यास्नी कोन बघनार? तुमी?" आणि असं हसली की म्हशीनंही मान वळवून माझ्याकडं बघितलं. डबा मात्र तिनं घेतला. वास घेतला, बोटावर चोळून बघितलं, आणि मी हौदावर हात धुवून येईपर्यंत निम्मं तेल आमच्या थोरल्या म्हशीला लावून मोकळी झाली. काशी तिचं नाव. त्या काशीचे सड चिरले होते, कातडी वाळून खवले पडत होते, हे खरं. पण सडांवरून हात कासेवर गेला, कासेवरून पाठीवर, मग शिंगं तरी कशाला कोरडी ठेवायची. "अगं, ते तुझ्यासाठी आलंय," असं मी म्हणालो तर उत्तर आलं, "तिला सांगता येत न्हाई, मला येतंय." अंजनानं विमानात जपून आणलेलं तेल म्हशीच्या शिंगांना लागलेलं बघून मला तुमचा चेहरा आठवला (तो चमकणाराच). पण काशीला गुण आला हे मान्य करायला हवं. चार-सहा दिवसांत तिच्या सडांच्या चिरा भरल्या, अंग असं काळंभोर झालं की तिच्या पाठीत बघून बंकटनं दाढी केली. (दाढीचं तो सांगतो. मी पाहिलेलं नाही.) मी गावात चक्कर टाकून आलो तर आमच्या मांडवापुढं बायका वाट्या घेऊन उभ्या, आणि तुमची मेहुणी चमच्यानं तेल वाटतेय. स्वतःच्या टाचांना थेंब नाही.

आणि मग तपासणी आली. छावणीत बाहेरची धष्टपुष्ट जनावरं घुसवून कुणी चारा लाटू नये म्हणून अधूनमधून वरून साहेब येतात, जनावरांच्या कानातले बिल्ले बघतात. बरोबर जनावरांचे डॉक्टर होते. साहेब रांगेनं बरगड्या मोजल्यासारखी जनावरं बघत आले आणि काशीपुढं थबकले. एका बाजूला बंकटचे हाडं वर आलेले बैल, दुसऱ्या बाजूला आमची धाकटी म्हैस, आणि मधे ही अशी उभी की जणू आत्ताच प्रदर्शनातून बक्षीस घेऊन आलीय. साहेब म्हणाले, "ही म्हैस इथली नाही. दुसरीचा बिल्ला काढून हिच्या कानात घातलाय." चंद्रभागा म्हणाली, "साहेब, काशी हाय ती. तिला तेल लावलंय." "कसलं तेल?" "जैतूनचं." "कुठून आणलं?" "पेनातून." (तिला स्पेन म्हणायचं होतं.) साहेबांना वाटलं बाई चेष्टा करतेय. त्यांचा आवाज चढला. म्हणाले, जनावरं छावणीबाहेर काढा, चौघंही. चौघं म्हणजे दोन म्हशी आणि बैलजोडी, पण ते आमच्याकडंही बघत होते.

भाऊ, तोवर मला हे सगळं गमतीचं वाटत होतं. पण बाहेर काढलं की एकच वाट होती, बाजार. आणि त्या दिवसांत बाजारात जनावर कोण कशासाठी घेतं ते तुम्हाला माहीत आहे. चंद्रभागेचं तोंड उतरलं. मी सभेत उठतो तसा उठून म्हणालो, "साहेब, हरकत आहे." पुढं काय म्हणायचं ते सुचलंच नाही. ते तिला सुचलं. तिनं डबा उचलला, बंकटच्या एका बैलापाशी गेली आणि त्याच्या मानेपासून शेपटापर्यंत निम्म्या अंगाला तेल चोळायला लागली. बंकट "पवळ्याला गार वाटतंय," असं म्हणाला. ती बाजूला झाली तेव्हा पवळ्या डावीकडून राखेच्या रंगाचा आणि उजवीकडून लग्नाला निघालेला दिसत होता. साहेब एकदा ह्या बाजूनं गेले, एकदा त्या बाजूनं गेले. मग त्यांनी स्वतःच्या कोरड्या पडून उललेल्या हाताकडं बघितलं. चंद्रभागेनं चमचाभर तेल त्यांच्या तळव्यावर ओतलं. ते हात चोळत राहिले आणि जरा वेळानं म्हणाले, "म्हैस इथलीच आहे."

सगळे हसले, मीही. पण डॉक्टर खाली बघत होते. चंद्रभागा बैलाच्या भोवती फिरली होती तिथं मातीत लाल डाग पडले होते. ते म्हणाले, "मावशी, मी जनावरांचा डॉक्टर आहे, पण एवढं मला कळतं. ह्या पायानं आज बीडला गेला नाहीत तर पाय हातचा जाईल." ती सवयीनं म्हणाली, "ह्यास्नी कोन बघनार?" तेव्हा मी म्हणालो, "मी." माझ्या आवाजात काहीतरी असलं पाहिजे, कारण ह्या वेळी ती हसली नाही. बंकटच्या बायकोला, कौशल्याबाईंना, सोबत घेऊन ती साहेबांच्याच जीपमध्ये बसली. जीप दिसेनाशी होईपर्यंत मागं वळून मला बोटानं दाखवत होती : वैरण आधी धाकटीला, पाणी आधी थोरलीला, का पाणी धाकटीला, हे मला अजून समजलेलं नाही.

ती बीडहून येईपर्यंत मी जनावरं बघितली एवढंच लिहितो. त्यांनी मला बघितलं असंही म्हणता येईल. काशी माझ्या हाताला दूध देईना. मी तिच्यासमोर उभा राहून गोडीनं, रागानं, शेवटी नियमांना धरून बोललो, तिनं माझा गमछा खाल्ला. शेण भरताना कंबर धरली. ऊस तोडून टाकताना बोट कापलं. अनवाणी राहायची वेळ आली नाही, कारण माझ्या पायात चपला होत्या. तेव्हाच मला दिसलं की तिच्या चपला मांडवाच्या बांबूला जशाच्या तशा बांधून ठेवलेल्या आहेत. शेणात खराब होतील म्हणून. मी त्या सोडल्या आणि पुसल्या. आणखी काय करायचं ते कळेना म्हणून पुन्हा पुसल्या.

ती परत आली पायाला पट्टी बांधून. दवाखान्यात जखम धुतली, गोळ्या दिल्या, सुई दिली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं की जखम उघडी आहे तोवर तेलबिल काही लावायचं नाही, जखम गोळ्यांनीच भरेल. ती भरली की मग रोज कोमट पाण्यानं पाय धुवून, टिपून, हे तेल चोळा, म्हणजे कातडी मऊ राहील आणि पुन्हा फुटणार नाही. तेव्हा भाऊ, तुमच्या तेलानं पाय वाचवला असं मी कुणाला सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. पाय गोळ्यांनी वाचवला. पण पुढचं काम तुमच्या तेलानं केलं, आणि ते काही लहान नाही.

मी सोसायटीत निरोप धाडून इथंच राहिलो. जखम भरली, पट्टी सुटली. आता तेल लावायचं, तर तिची कंबर वाकेना. टाचेपर्यंत हात पोचेना. मी म्हटलं, "आण इकडं पाय." ती म्हणाली, "येडे झालात का? सगळी छावनी बगतीय." दिवस मावळायच्या वेळी सगळी छावणी मोकळीच असते, हे तिचं खरं होतं. मी खाली बसलो, तिचा पाय गुडघ्यावर घेतला. भाऊ, आमचं लग्न होऊन नातवंडं शाळेत गेली, पण ह्या बाईच्या पायाचा तळवा मी कधी बघितलेला नव्हता. लग्नात तिनं माझे पाय धुतले होते, ते फोटोतही आहे. तिचा पाय एवढासा आहे हे मला माहीतच नव्हतं. मी तेल घेऊन चोळायला लागलो आणि आमच्या रांगेतली बोलणी एकेक करून बंद पडत गेली. चुलीवरच्या भाकरी करपल्याचा वास आला. बंकट म्हणाला, "आश्रुबा, आता साडीबी धुवून टाक बे तिची." दोघं-तिघं खिंकाळले. मी मान वर केली नाही. चंद्रभागेनं पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि काशीशी बोलत असल्यासारखी तिकडं तोंड करून म्हणाली, "हात लई मऊ हायती ह्यांचे. कधी काम केलं न्हाई, मंग आसनारच." मग छावणी जी हसली ती रांगारांगांनी हसली, आणि तिच्या पदराआडूनही हसू येत होतं. पाय मात्र तिनं मागं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? कौशल्याबाई बाजेवर बसल्या, दोन्ही पाय लांब केले आणि नवऱ्याला म्हणाल्या, "बगता काय? वाटीत तेल हाय." बंकटनं आधी आकाशाकडं बघितलं, मग माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा कधी त्याच्या बैलांजवळ बसू नये, आणि मग खाली बसला. आता दिवस मावळला की आमच्या रांगेत फेरी मारावी. जागोजाग पुरुष माणसं मान खाली घालून कामात आहेत. तेल ज्याच्या त्याच्या ऐपतीचं, कुणाचं खोबऱ्याचं, कुणाचं करडईचं. कुणी कुणाला काही म्हणत नाही. जनावरांचे डॉक्टर परवा येऊन गेले, म्हणाले, ह्या छावणीत जनावरांच्या खुरांपेक्षा माणसांच्या टाचा चांगल्या आहेत.

असो. पत्र फार लांबलं. चंद्रभागेच्या टाचांच्या चिरा आता पार बुजल्या आहेत, ती चपला घालून खाडखाड चालते आणि मला कामं सांगते. अंजनाला माझे आशीर्वाद आणि आभार कळवावेत. अक्कांनी गुडघ्यांची काळजी घ्यावी. आणि भाऊ, लहान तोंडी मोठा घास, पण त्या गुडघ्यांना तेल कोण लावतं ह्याचीही एकदा चौकशी करावी.

आपला धाकटा साडू,
आश्रुबा

ता. क. एक विनंती करायची राहिली. खरं सांगायचं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. टाचा बऱ्या झाल्या हीच अडचण आहे. "आता बास झालं, उगा तेल कशाला वाया घालवायचं," असं ती कधीही म्हणेल, आणि मग मला गावात परत जाऊन टँकरच्या रांगेत उभं राहण्यावाचून दुसरं काम नाही. तेव्हा आपण तिला फोन करून सांगावं की हे तेल जनावरं घरी जाईपर्यंत रोज लावावं लागतं, आणि स्वतःच्या हातानं लावलं तर गुण येत नाही, दुसऱ्याचाच हात लागतो. तुमचं ती ऐकते. ती ढिगाऱ्यावर उभी राहून बोलेल आणि सगळ्या छावणीला कळेल, तरी चालेल.

ता. क. २. डबा हलवून बघितला तर तळाला गेल्यासारखा वाटतो. अंजनाकडून नवा येईपर्यंत तुम्ही बीडच्या एसटीनं नुसता तसलाच सोनेरी डबा पाठवा, घरी जुना असेल तर. आत आपलं करडईचं भरलं तरी हरकत नाही. हिला वासातलं कळत नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात तिनं विचारलं, काय लिहिताय येवढं. म्हटलं, तेल संपत आलं ते दाजींना कळवतोय. ती वैरण टाकत होती, तशीच पाठमोरी म्हणाली, "त्ये कवाच संपलं. म्हशीला लावलं, बायास्नी वाटलं, काय उरनार? त्या डब्यात म्याच रुद्रप्पांच्या दुकानातलं करडईचं आनवून भरती. कौशल्या आनती गावातून." मी म्हटलं, "मग सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "सांगितलं आसतं तर तुमी उठून गेला आसता." तेव्हा डबाही नको, फोनही नको. पत्र तेवढं अक्कांना वाचून दाखवू नका. दिवस मावळायला आलाय, ती हौदावर पाय धुतेय, मला निघालं पाहिजे.